पोस्टग्रेसची डिस्क भरली? आधी डिलीटवरचा हात काढा

पोस्टग्रेस या डेटाबेसची डिस्क भरत आली की एक सल्ला हमखास फिरतो: ‘जुन्या ओळी डिलीट करा, नाही भागलं तर व्हॅक्यूम फुल चालवा, तरीही नाही तर पीजी_वॉल फोल्डरमधल्या जुन्या फायली उडवा.’ पहिल्याने जागा सुटत नाही, दुसऱ्याने सिस्टिम अडकते, तिसऱ्याने डेटाबेसच हातचा जाऊ शकतो.

‘डिलीट केलं की जागा सुटते.’ डिलीटने ओळ फक्त मृत ठरते, फाइल तेवढीच राहते. व्हॅक्यूम, म्हणजे मृत ओळी झाडणारी आज्ञा, ती जागा त्याच टेबलाला पुन्हा वापरू देतो. ऑपरेटिंग सिस्टिमला परत जातात ती फाइलच्या शेवटची पूर्ण रिकामी पानं, बस्स. आपोआप चालणारा ऑटोव्हॅक्यूमही मूळ सेटिंगला साधारण 20 टक्के ओळी मृत झाल्यावर कामाला लागतो. 10 कोटी ओळींचं टेबल असेल तर 2 कोटी! अशा टेबलापुरतं हे प्रमाण 0.02 करा. दरमहा जुना डेटा काढायचाच असेल तर टेबलाचे महिनावार तुकडे, म्हणजे पार्टिशन, करा. पार्टिशन ड्रॉप केलं की फाइलच जाते.

‘व्हॅक्यूम फुल चालवा.’ तो टेबलाची नवी प्रत लिहितो. 200 जीबीच्या टेबलात 120 जीबी जिवंत डेटा असेल, तर तेवढी जागा आणि वर इंडेक्सची, आधी मोकळी हवी. काम संपेपर्यंत टेबल वाचताही येत नाही. शिवाय एखादं ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारा कामांचा गट) सकाळपासून उघडं असेल, तर त्यानंतर मेलेल्या ओळी व्हॅक्यूम फुलही काढत नाही. म्हणून आधी चालू सेशनची यादी देणारं पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटी उघडून ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसती बसलेली, सेशन शोधा.

‘वॉल म्हणजे जुने लॉग.’ हा गैरसमज जुना आहे. वॉल म्हणजे प्रत्येक बदलाची आधी लिहिलेली नोंद, क्रॅशनंतर डेटाबेस तिच्यावरूनच सावरतो. फोल्डरचं पूर्वीचं नाव पीजी_एक्सलॉग. लोक लॉग समजून ते पुसायचे, म्हणून 10व्या आवृत्तीत नाव बदललं. या 16 एमबीच्या फायली गेल्या तर क्रॅशनंतर सर्व्हर उठेलच याची खात्री नाही. त्या साठतात त्यालाही कारण असतं, आणि बहुतेकदा ते बेवारस रेप्लिकेशन स्लॉट असतं, म्हणजे रेप्लिकासाठी (डेटाची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरसाठी) वॉल राखून ठेवायची सोय. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये ‘अॅक्टिव्ह’ खोटं आणि ‘रिस्टार्ट_एलएसएन’ (वॉल कुठपासून राखायचा ती जागा) मागे रेंगाळलेलं दिसलं, तर स्लॉट कुणाचा ते विचारा, मगच काढा. तो काढला की त्या रेप्लिकाला नव्याने उभं करावं लागू शकतं. 13व्या आवृत्तीपासून ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज’ने मर्यादा घालता येते, पण मूळ किंमत उणे 1, म्हणजे मर्यादाच नाही. स्लॉट ठीक असतील तर पीजी_स्टॅट_आर्कायव्हरमध्ये ‘फेल्ड_काउंट’ वाढतोय का, म्हणजे वॉलच्या प्रती दुसरीकडे साठवणं फसतंय का, पाहा. कारण दूर झालं की पुढच्या चेकपॉइंटला (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्याला) पोस्टग्रेस फायली स्वतःच आवरतो.

डिस्क पूर्ण भरून सर्व्हर बंदच पडला असेल, तर व्हॉल्यूम वाढवा किंवा डेटा डिरेक्टरीबाहेरच्या फायली हलवा.