आमच्या आयांनाही कुणीतरी शिकवलंच होतं

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक वाद झाला आणि तेव्हापासून माझं डोकं शांत नाही. पुण्यातली माझी चुलतबहीण बाळंत झाली, सिझर झालं, बाळ अंगावर नीट धरेना, म्हणून तिने लॅक्टेशन कन्सल्टंटला, म्हणजे अंगावर पाजायला शिकवणाऱ्या बाईला, घरी बोलावलं. त्यावर काकांनी लिहिलं, आमच्या आयांनी कुणाला फी दिली होती? सहा-सहा पोरं वाढवली त्यांनी, ही सगळी शहरी फॅडं आहेत. खाली अंगठ्यांची रांग. एका आत्याने वर पुस्ती जोडली की हल्लीच्या मुलींना फिगरची काळजी, मग दूध कुठून येणार.

फॅड? त्या मुलीच्या खोलीत सकाळपासून चार बायका बसलेल्या असतात आणि बाळ जरा रडलं की चौघी एका सुरात म्हणतात, पोट भरत नाहीये गं, वरचं दूध दे. हिच्या टाक्यांना ठणका, त्यात छाती दगडासारखी झालेली, आणि चौघींपैकी एकीनेही वाकून बघितलं नव्हतं की बाळाचं तोंड नेमकं कुठे लागतंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक थोडाच येतो, बाळाला तेवढा पुरतो, आणि बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं हे तिला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं ते पैसे घेऊन आलेल्या त्या बाईने. मग पैसे का देऊ नयेत?

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहते, माझं बाळंतपण इथेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रामझोर्खची, म्हणजे इथे बाळ-बाळंतिणीची घरी येऊन काळजी घेणारी बाई सायकलवरून आली, हात धुतले, सरळ माझ्या पलंगाच्या कडेला बसली. मी दात-ओठ खाऊन पाजत होते. तिने बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, नाक बोंडासमोर आणलं, त्याने मोठा आ करेपर्यंत थांबायला लावलं आणि मग एकदम जवळ घेतलं. खालचा ओठ आत दुमडला होता तो बोटाने अलगद बाहेर काढला. दुखणं तिथल्या तिथे कमी झालं. मग म्हणाली, आता ऐक. घुटुक, घुटुक. माझ्या लेकराचा गिळण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा, एका अनोळखी बाईच्या सांगण्यावरून. ती रोज यायची, वहीत ओल्या डायपरची नोंद करायची, वजन करायची, आणि नवऱ्यालाही कामाला लावायची. इन्शुरन्समधून साधारण 49 तास मिळतात, वर तासाला थोडे युरो आपले. इथे कुणी त्याला फॅड म्हणत नाही.

यावर आपल्याकडचे लोक रजेचा हिशोब काढतात, तुमच्याकडे 16 आठवडे, आपल्याकडे 2017 पासून 26. मान्य आहे. पण इथे बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेतला चौथा हिस्सा पाजायला किंवा दूध काढायला भरपगारी मिळतो, माझ्या ऑफिसात त्यासाठी कडी असलेली खोली आहे. आणि आपले 26 आठवडे मिळतात कुणाला? ऊस तोडायला जाणाऱ्या बाईला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना?

आणि आयांचं म्हणाल तर आत्याची पिढी कुठे नुसत्या अंगावरच्या दुधावर वाढवत होती, त्या काळी घरोघरी गुटगुटीत बाळाचं चित्र असलेले पावडरचे डबे असायचे. त्यांच्या जाहिराती थांबवायला 1992 साली कायदा करावा लागला. आत्याच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना मात्र शिकवणारं माणूस घरातच होतं. सुईण होती, आजी होती, पाच पोरांना पाजलेली थोरली जाऊ होती. ती जागा आता रिकामी आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 41.8 टक्के बाळांनाच जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळाल्याचं दिसतं, हॉस्पिटलात बाळंतपणं होऊन सुद्धा.

हे असं लिहिते आणि इथल्या लंच टेबलवर मात्र माझं उलटंच चालतं. तिथे कुणी सहज म्हणालं की भारतात बायकांना काही सोयी नसतील ना, की मी उसळते, सव्वा महिन्याची विश्रांती, तेलाने अंग चोळणारी बाई, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं सांगत सुटते. मला स्वतःला यातलं काहीच मिळालं नाही. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. क्रामझोर्खच्या बाईने मायेने पुढे केलेलं चीजचं थंडगार सँडविच खाताना मी रडले, ती बिचारी हार्मोन्स म्हणून पाठीवरून हात फिरवत राहिली. मला आई हवी होती. शिकवायला नको होती, नुसती खोलीत हवी होती. चुलतबहिणीचा मला राग येतो तो इथे, की तिच्याकडे चार बायका आहेत, आणि तिला त्या नकोशा झाल्यात. आणि त्या चौघींचा राग येतो तो याहून जास्त, कारण हातात असलेली गोष्ट त्यांनी अशी घालवली.

काकांना मला एवढंच विचारायचंय की गडचिरोली महाराष्ट्रातच आहे ना? गावातल्या बायकांना शिकवून घरोघर बाळंतिणीकडे पाठवलं तर बाळं जगतात हे अभय आणि राणी बंग यांनी तिथे करून दाखवलं, 1999 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी त्यावरून सुरू झाल्या. हॉस्पिटलातून घरी आलेल्या बाळासाठी 42 दिवसांत सहा भेटी, त्यात पाजणं बघणं, वजन करणं, सगळं. माझी क्रामझोर्खवाली यापेक्षा वेगळं काय करत होती? फरक एवढाच की तिला पगार होता, आणि आशाताईंना त्या सगळ्या भेटींचे मिळून ठरलेत 250 रुपये. फीवर बोलायचंच असेल तर त्या अडीचशेवर बोला काका, आणि पुण्यातल्या फ्लॅटमधल्या पोरीच्या दारात ती ताई का पोचत नाही त्यावर बोला.