‘सरळ खाली उतरायचं होतं’: सुपरस्टिशनच्या धारेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण माझ्या भटकंतीचा लेख नीट वाचून रागावला आहात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात सुपरस्टिशन डोंगराच्या धारेवर मी एकट्याने जाणं बेजबाबदारपणाचं, ढग उतरल्यावर फटीतून हायवे दिसत होता तर तिकडे सरळ खाली उतरायला हवं होतं, आणि हातात फोन असताना वाट चुकलो म्हणणं म्हणजे तिखटमीठ लावणं. वर सॅकमधल्या कंगव्याची थट्टा.

आधी ‘सरळ खाली’चं बोलू, कारण ते वाचून उद्या कोणी खरंच तसं करायचा. धार वायव्येकडून आग्नेयेकडे जाते. नैर्ऋत्येला गोल्ड कॅन्यनची वस्ती आणि यूएस ६० हायवे वरून इतका जवळ वाटतो की तासाभरात चहाला पोहोचू. मधे मात्र कडे आहेत. ज्वालामुखीच्या राखेचा थिजलेला खडक, जागोजाग उभा तुटलेला. मळलेल्या उतरणी दोनच: वायव्य टोकाला फ्लॅटआयर्न नावाच्या कड्याच्या पोटातून सायफन ड्रॉ आणि दुसऱ्या टोकाला ५०५७ फुटी शिखराकडून कार्नी स्प्रिंग्जला. सायफन ड्रॉ म्हणजे आपल्या भाषेत नाळ, डोंगरातली अरुंद घळ. पाण्याने घासून गुळगुळीत झालेली, पाऊस लागला की तिथून धबधबाच येतो. तुम्ही भर पावसात हरिश्चंद्रगड केलेला माणूस. धुक्याच्या फटीतून पायथ्याच्या बेलपाड्याची घरं दिसली म्हणून कोकणकड्यावरून तिकडे पाय टाकाल?

आता फोन. ओल्या काचेवर थेंब पडले की फोन त्यांनाच बोटं समजतो. नकाशा आपोआप मोठा होतो, सरकतो, कुठल्या तरी भलत्याच खोऱ्यात जाऊन थांबतो. आपलं खरं बोट मात्र त्याला ओळखू येत नाही. कोरड्या बनियनने काच पुसून, सॅकच्या आडोशाला धरून एकदा ठिकाण पाहायचं आणि फोन परत आत, एवढंच जमत होतं. मनगटावरचं उंचीचं घड्याळ हवेच्या दाबावर चालतं. वादळ येताना दाब पडतो आणि बसल्या जागी ते तुम्हाला वर चढवतं. म्हणून त्याचे आकडे मी मनावर घेतलेच नाहीत.

वाट चुकली ती तिथल्या नेहमीच्या जागी. दगडावर दगड रचलेल्या खुणा धारेपासून फुटलेल्या एका सोंडेवर जातात, कारण आधी चुकलेल्यांनीही तिथे खुणा रचून ठेवल्यात. पायाखाली छान उतार होता, वारा कमी झाला होता, सगळं सोपं वाटत होतं. फक्त होकायंत्र माझी दिशा ईशान्य दाखवत होतं. ती सोंड वेस्ट बोल्डर कॅन्यनमध्ये उतरते, रस्त्याच्या नेमकी उलट, रानाच्या पोटात. शेवटच्या ओळखीच्या खडकापर्यंत परत चढलो, कोरडं फ्लीसचं उबदार जॅकेट आणि रेनकोट चढवला, आडोशाला बसून राहिलो. धार नीट दिसली तेव्हाच पुढे निघालो. लेखात हा भाग कंटाळवाणा झालाय, मान्य, पण बसून राहण्यात रंगवण्यासारखं असतं काय?

‘वाळवंटात कसली थंडी’ हेही विचारलंत. हिवाळ्यात पॅसिफिकवरून येणारी वादळं या डोंगरांवर पाऊस आणतात, कधी बर्फसुद्धा. भिजलेला सुती कपडा आणि वारा असला की पाचेक अंशांतही माणूस गारठून जातो.

एकटेपणाबद्दल आपलं जमणार नाही. धुक्यात दोघं असले की ‘हीच वाट’ यावर फार लवकर एकमत होतं, हे माझं मत. चुकलेल्याला शोधायला बचाव पथकाला धावावं लागतं, हे मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे. इथे शोधकार्याची जबाबदारी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफची (पोलीसप्रमुखाची) असते आणि डोंगरात चढणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. म्हणूनच वाट, गाडीची जागा आणि ‘रात्री ९ पर्यंत फोन नाही आला तर कळव’ एवढं लिहून घरी ठेवलं होतं. उन्हाळ्यात एकटं जाण्यावर टीका केली असती, तर मी तुमच्याच बाजूने बोललो असतो. कडक उन्हाच्या दिवशी जवळचं फिनिक्स शहर कॅमलबॅक डोंगरासारख्या वाटा भर दुपारी बंदच ठेवतं.

राहिला कंगवा. तिथे चोया नावाचं निवडुंग आहे. नुसता धक्का लागला तरी त्याचा काट्यांचा गोळा सुटून पोटरीला चिकटतो. हाताने काढायला गेलात तर हातालाही चिकटतो. कंगव्याचे दात गोळा आणि कातडी यांच्या मधे घालायचे आणि तोंडापासून लांब, एका झटक्यात उडवायचा. उरलेले काटे चिमट्याने. केसांसाठी नव्हता हो तो, तेवढे केस उरलेतच कुठे!