तोरणमाळच्या फोटोखालच्या मेसेजला उत्तर

पंधरा दिवसांत हा मेसेज मला पाच गटांवर आला, त्यातला एक गट तर नुसता केळीच्या भावांचा आहे. वर तोरणमाळच्या यशवंत तलावाचा फोटो. खाली मजकूर असा: सरकारांनी आपल्या परंपरागत वैद्यकीला देशाच्या आरोग्यव्यवस्थेत जागाच दिली नाही, चीनने मात्र आपली पद्धत जपली, झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो, कावीळ आणि सर्पदंश यांवर दवाखान्यात औषध नाही, ते वैदूकडेच आहे. शेवटी ‘खरे खान्देशी असाल तर पुढे पाठवा’.

मी खान्देशीच आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधं देण्यात माझी नोकरी गेली. पुढे पाठवण्याऐवजी उत्तर लिहितो.

पहिला दावा, ‘जागाच दिली नाही’. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या शिक्षणाचा आणि नोंदणीचा केंद्रीय कायदा १९७० चा आहे. १९९५ मध्ये केंद्रात स्वतंत्र विभाग झाला, २००३ मध्ये त्याला ‘आयुष’ नाव मिळालं, ९ नोव्हेंबर २०१४ ला मंत्रालय झालं. जुन्या कायद्याच्या जागी २०२० मध्ये नवा राष्ट्रीय आयोग आला. आपल्याकडे बीएएमएसची परीक्षा नाशिकचं तेच आरोग्य विद्यापीठ घेतं जे एमबीबीएसची घेतं.

आता जागेच्या आतली गोष्ट सांगतो. धडगाव, मोलगीकडच्या केंद्रात रात्री जाऊन बघा, खुर्चीवर बहुधा बीएएमएस डॉक्टरच असतो. १०८ च्या गाडीतही बहुतेक तोच. पण तो लिहितो काय? पॅरासिटामॉल, ॲमॉक्सिसिलिन, ओआरएस. माझ्या खिडकीवर आलेल्या चिठ्ठ्यांत काढा क्वचितच असायचा. एमबीबीएसवाला डोंगरात टिकत नाही म्हणून आयुर्वेदाच्या पदवीला जागा मिळाली, आयुर्वेदाला नव्हे. तक्रार करायचीच तर ही करा, मी सही करतो. आणि मेसेजला ज्याचा एवढा पुळका आहे तो पाड्यावरचा बुडवा, म्हणजे आदिवासींचा झाडपाला-मंत्र करणारा वैदू, या कायद्यांत कुठेच नाही. मंत्रालय पदवीवाल्यांचं आहे.

चीनचं म्हणाल तर अर्धं खरं. तिथल्या सरकारी व्यवस्थेत पारंपरिक उपचारांची रुग्णालयं आहेत. पण त्यांचे गावोगावचे ‘अनवाणी डॉक्टर’ सुया आणि वनस्पतींसोबत लशी आणि प्रतिजैविकंही नेत. आणि तिथल्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते जपणुकीबद्दल नाही, पारखण्याबद्दल. चौथ्या शतकातल्या ग्रंथात तापावर एका वनस्पतीचा रस पिळून घ्यायला सांगितलं होतं. उकळल्याने गुण जात असावा हे त्यांनी त्यावरून ताडलं, कमी तापमानात अर्क काढला, माकडांवर, उंदरांवर तपासला, मग १९७२ मध्ये आधी स्वतः घेतला. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन ते हेच. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचे रक्तदाबावरचे परिणाम रुग्णांवर मोजून छापले आणि जगाने ती वापरली. पुढे हेही कळलं की तिच्यातल्या रिसर्पिनने काहींना नैराश्य येतं.

म्हणजे साइड इफेक्टचा मुद्दा इथेच निकालात निघाला. तरी शंका असेल तर लहानपणी बिब्बा उतून ज्याची कातडी सोलली त्याला विचारा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातच म्हटलंय की न ओळखलेलं औषध विषासारखं, शस्त्रासारखं, आगीसारखं असतं. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. सगळा आयुर्वेद विषारी, असा याचा अर्थ नाही. डबीत काय आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही, एवढाच आहे.

कावीळ. आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूंची. ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय ज्याची पुडी शेवटची त्याला. हात चुन्याच्या पाण्यात धुऊन ‘ही बघा निघाली कावीळ’ दाखवतात, तो पिवळा रंग आधी चोळलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाचा असतो. हसून सोडून दिलं असतं. पण गरोदर बाईला हीच कावीळ जिवावर बेतू शकते. आणि आमच्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे जी जळगावच्या गटावर बसून कळणार नाही: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. भिल्ल, पावरा घरांत हा आजार आहे आणि त्यातही डोळे पिवळे होतात. त्या पोराला कावीळ म्हणून महिना महिना पाला पाजतात, रक्त तपासायचं राहून जातं. तपासणी सरकारी केंद्रात फुकट आहे, हायड्रॉक्सीयुरियाची गोळीही आहे.

सर्पदंशाचा दावा सगळ्यात घातक. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. भगताचा गुण येतो, कारण धामण, दिवड, कवड्या बिनविषारी असतात आणि नागाच्याही प्रत्येक दंशात विष उतरतंच असं नाही. पण मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते तेव्हा धड दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. पाला वाटण्यात जातात तेच तास मोलाचे असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवरची लस दवाखान्यात असते. तिचीही रिॲक्शन येते, म्हणूनच ती दवाखान्यात, ॲड्रेनालिन हाताशी ठेवून द्यायची असते.

मी हे बोललो की शेजारचे म्हणतात, “दादा, तुमले काय कयस!” बरं, ज्याला कळत होतं त्याचं सांगतो. आमच्या केंद्राच्या हद्दीत एक म्हातारा बुडवा होता. साप चावलेल्या पोराला त्याने पाला बांधला खरा, पण जीपमध्ये बसवून बांधला आणि स्वतःही सोबत आला. आत मी लसीच्या कुप्या काढून देत होतो, सिस्टर त्या विरघळवत होत्या, बाहेर व्हरांड्यात त्याचे मंत्र चालू होते. कुणीच कुणाला थांबवलं नाही. पोरगा तिसऱ्या दिवशी घरी गेला. वाचवलं कुणी, यावरून त्या पाड्यात अजून वाद होतात.