काँगोला निघालात? मग आधी वडिलांचं नाव नीट लिहा

अभिनंदन! सोसायटीतले सगळे दुबई, बँकॉक, फार तर बालीला जात असताना तुम्ही काँगोला जायचं ठरवलंत. आता एवढंच सांगा, कोणत्या काँगोला?

हा प्रश्न तुमचे मेहुणे विचारणार नाहीत, त्यांच्या लेखी आफ्रिका हाच एक देश आहे. पण व्हिसाचा अर्ज विचारतो. काँगो दोन आहेत. काँगो नदीच्या एका काठावर किन्शासा, बरोबर समोरच्या काठावर ब्राझाव्हिल. रोम आणि व्हॅटिकन सोडलं तर दोन देशांच्या राजधान्या इतक्या जवळ जगात कुठेच नाहीत. संध्याकाळी इकडच्या काठावरून तिकडचे दिवे दिसतात. पूल नाही, बोटीने जायचं, आणि बोटीत चढायला वेगळा व्हिसा. तेव्हा चुकीच्या काँगोचा व्हिसा अवश्य काढा. समोर दिसतंय पण आत जाता येत नाही, हे सुख एरवी आपल्याला फक्त साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर मिळतं.

मी गेलो तो किन्शासावाल्या काँगोत. १९७१ ते १९९७ या देशाचं नाव झैर होतं आणि आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी ते शेवटपर्यंत बदललं नाही. काम होतं मक्याच्या पिठाच्या गिरण्या बसवण्याचं. म्हणजे मी बोलावून गेलो होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण न बोलावता तिथे जाता येत नाही. आपलं 'सहज आलो होतो, म्हटलं डोकावून जावं' हे तिथे चालत नाही. तिथल्या कोणीतरी 'हा माणूस आमच्या जबाबदारीवर येतोय, याचं खाणं-राहणं-आजारपण आम्ही बघू' असं लिहून द्यावं लागतं. त्या कागदाचं फ्रेंच नाव 'प्रीज आं शार्ज'. उच्चार जमला नाही तरी चालेल, मूळ प्रत मात्र हवी. साध्या कागदावर लिहिलेलं चालत नाही. तो कागद तिथे नोटरीकडे जातो, मग सरकारी शिक्क्यासाठी जातो, मग कुरियरने तुमच्याकडे येतो आणि तुम्ही तो पुन्हा दिल्लीला वकिलातीत पाठवता. माणूस जाण्याआधी त्याचा कागद दोनदा प्रवास करून आलेला असतो.

यावर वैतागू नका. उलट छाती फुगवा. ज्या माणसाने वारसनोंदीसाठी तलाठी, मंडल अधिकारी आणि तहसील हा त्रिस्थळी प्रवास केला आहे, त्याला किन्शासा म्हणजे पंचक्रोशीतलंच गाव. बाकीचे कागद तर आपण झोपेतही गोळा करू शकतो: सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट, फोटो. फोटोत हसू नका. काँगोचं ठाऊक नाही, पण आमच्या स्टुडिओवाल्याला ते खपत नाही.

आता मुख्य मुद्दा, नाव.

युरोपातल्या फॉर्मवर दोनच रकाने असतात, आडनाव आणि नाव. मग मराठी माणसाच्या वडिलांची गोची होते. त्यांना कुठे बसवायचं? विमानाच्या तिकिटावर माझं नाव 'दत्तात्रयविष्णूमिस्टर' असं सलग छापून येतं, जणू मी आणि वडील एकाच सीटवर बसून चाललोय आणि मागे कोणी इंग्रज अडकलाय. काँगोच्या फॉर्मवर मात्र तीन रकाने! नॉम, पोस्तनॉम, प्रेनॉम, म्हणजे आडनाव, मधलं नाव, पहिलं नाव. मी दोन मिनिटं बघतच राहिलो. तिथला हुकूमशहा मोबुटू याने १९७२ मध्ये ख्रिस्ती नावांवर बंदी घातली, तेव्हा लोकांनी आपल्या पूर्वजांची नावं पुढे आणली. बंदी गेली, ख्रिस्ती नावं परत आली, पण मधलं नाव मुक्कामालाच राहिलं. कारण काही का असेना, माझ्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतंत्र रकाना मिळाला. मी ठळक अक्षरांत 'विष्णू' लिहिलं. तुम्हीही लिहा. मात्र एकदा लिहिलंत की सगळीकडे तसंच आलं पाहिजे. माझ्या घोड्याने इथेच पेंड खाल्ली, ते पुढे सांगतो.

पिवळं कार्ड. डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घेतल्याचा दाखला नसेल तर विमानात बसूच नका, म्हणजे बसू देणारच नाहीत. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि तिथेही रोज मिळेल असं नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी एकदा कालवली की थोड्या वेळात संपवावी लागते. म्हणून आधी माणसं जमवायची, मग कुपी फोडायची. मी गेलो त्या दिवशी नऊ जण होतो. आठ जण बोटीवर चाललेली पोरं, कोकणातली बरीचशी, आणि नववा मी. केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "अजून एक येऊ द्या." आम्ही दहाव्याची अशी वाट पाहिली जशी वडाप जीपचा ड्रायव्हर शेवटच्या सीटची पाहतो. साडेअकराला एक जण धापा टाकत आला, तेव्हा आठही खलाशांनी टाळ्या वाजवल्या.

लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. तेव्हा तिकीट नवव्या दिवसाचं काढा, म्हणजे विमानतळावर वेळ छान जातो. पूर्वी हा दाखला दहा वर्षं चालायचा. ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाने तो आजन्म चालतो, जुन्या कार्डावर दहा वर्षांची तारीख असली तरीही. हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण ते तुम्हाला कुठल्या ना कुठल्या काउंटरवर म्हणून दाखवावं लागणार आहे. आणि म्हणून दाखवल्यावर समोरचा 'असं होय!' म्हणेल अशी आशा ठेवू नका.

याच २०१६ सालची आणखी एक गोष्ट आहे. अंगोलातून पीतज्वर काँगोत शिरला, किन्शासात लाखो लोकांना लस द्यायची होती आणि जगातच साठा पुरेना. मग संघटनेच्या सल्ल्याने एका डोसचे पाच भाग केले. एकपंचमांश लस शरीराला पुरते, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. फक्त पिवळ्या कार्डाला पुरत नाही. तेवढ्या लसीवर परदेशी जाण्याचा दाखला मिळत नव्हता. म्हणजे डासाला पटलेलं कारकुनाला पटेलच असं नाही. आपल्याकडे जिवंत माणसाला हयातीचा दाखला आणायला सांगतात, तर यात नवल ते काय!

पैशांचं थोडक्यात. डॉलर न्या, पण नोटा कोऱ्या करकरीत. कडेला नखाएवढी चीर असली तरी दुकानदार नोट उजेडात धरतो, हळहळतो आणि परत देतो. एक डॉलरच्या नोटेकडे तर बघतही नाही. देवघरातल्या पोथीत आठवडाभर ठेवून नेलेल्या उत्तम. सुट्टे म्हणून तुम्हाला जे काँगोली फ्रँक मिळतील ते मात्र धुतलेल्या पायपुसण्यासारखे असतील आणि ते मुकाट्याने घ्यायचे.

इतका वेळ वाचून तुम्ही म्हणाल, एवढ्या कागदांशिवाय या देशात कधी कोणी शिरलंच नसेल. तसं नाही हो. मोठी मोठी माणसं शिरली. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ बर्लिनमध्ये चौदा देशांचे प्रतिनिधी आफ्रिकेवर चर्चा करत बसले. आफ्रिकेतल्या एकालाही बोलावणं नव्हतं. त्यानंतर बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याला हा सगळा प्रदेश, स्वतःच्या देशाच्या सत्तरपटीहून मोठा, खाजगी मालमत्ता म्हणून मिळाला. त्याचं प्रीज आं शार्ज कोणी दिलं होतं? गंमत म्हणजे लिओपोल्ड काँगोला जन्मात एकदाही गेला नाही. म्हणजे व्हिसाच्या कटकटीतून सुटायचा खात्रीचा उपाय हाच: जाऊ नका, मालकच व्हा. रबरासाठी लोकांचे हात तोडले जात होते, तेही त्याने ब्रुसेल्समध्ये बसूनच चालवलं. १९०८ मध्ये जगभर ओरडा झाल्यावर त्याच्याकडून ते राज्य काढून घेतलं आणि बेल्जियम सरकारला दिलं. (तो ओरडा सुरू करणाऱ्यांत मोरेल नावाचा बोटकंपनीतला एक कारकून होता. काँगोहून रबर आणि हस्तिदंत भरून येतंय आणि उलट दिशेने मुख्यतः बंदुका नि काडतुसंच जातायत, हे त्याने नोंदवह्यांवरून ओळखलं. कारकुनांवर मी इतकं बोलतोय, म्हणून त्याच्यापुरती टोपी काढतो.)

आणि या देशाला कागदाचं वेड कोणी लावलं म्हणाल, तर त्याच बेल्जियन लोकांनी. १९४८ मध्ये त्यांनी 'सुधारलेल्या' काँगोली माणसासाठी एक कार्ड काढलं, १९५२ मध्ये त्याहून वरच्या दर्जाची नोंदणी. ती हवी असेल तर साहेब लोक घरी येऊन बघणार, टेबलावर काटे-चमचे आहेत का, मुलांचे कपडे कसे आहेत, संडास नीट आहे का. पास झालात तर तुम्ही तुमच्याच देशात जवळजवळ माणूस. पॅट्रिस लुमुंबा यांनीही ही नोंदणी करून घेतली होती. जून १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि तेच पहिले पंतप्रधान झाले, चमचे न मोजता. आता ज्यांच्या आजोबांच्या घरातला संडास तपासून गेले, त्यांनी परक्याचं बँक स्टेटमेंट जरा निरखून पाहिलं तर आपण रागवावं का? मी तरी रागावलो नाही. रांगेत दोन तास उभा होतो तेवढे सोडून.

बंदूक असेल तर अजूनही व्हिसा लागत नाही, हे खरंच आहे. जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ या बंडखोरांनी पूर्वेकडचं गोमा शहर घेतलं. त्यांच्याकडे पिवळं कार्ड मागायला काउंटरवर कोणी थांबलं नव्हतं. तुमच्या फोनच्या बॅटरीतला कोबाल्टही बहुधा याच देशाच्या पोटातून निघालेला. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट इथलाच. २०२५ पर्यंत तो अगदी विनासायास बाहेर पडत होता. अडत होता फक्त गिरणी बसवायला आलेला माणूस.

तिथे पोचल्यावर दोन गोष्टी शिकून घ्या. एक म्हणजे 'कलम १५'. राज्यघटनेत शोधू नका, लोकांनी चेष्टेने काढलेलं कलम आहे. मजकूर एवढाच: 'तुमचं तुम्ही बघा'. पाणी आलं नाही, पगार झाला नाही, रस्ता संपला, की हसत कलम १५ लावतात. आपल्या नगरपालिकांतही हे कलम लागू आहे, फक्त क्रमांक द्यायचा राहून गेलाय. दुसरी गोष्ट, तिथल्या 'लिंगाला' नावाच्या भाषेतलं 'मादेसू या बाना'. शब्दशः अर्थ 'पोरांसाठी घेवडा'. कोणी मायेने तुमच्या कानाशी हे शब्द उच्चारले तर तो पाककृती सांगत नाहीये. आपण ज्याला चहापाणी म्हणतो त्याचं हे पोटभरीचं रूप. मला आपल्यापेक्षा यांचा शब्द प्रामाणिक वाटला. चहा काय, कोणीही पितो. घेवडा म्हटलं की घरातली पोरं डोळ्यासमोर येतात.

आणि हो, फोटो. विमानतळ, सरकारी इमारत, पोलीस, नदीकाठची हद्द यांतलं काहीही टिपू नका. नदीवर इतका सुंदर सूर्यास्त होतो की मोबाइल आपोआप खिशातून वर येतो. तेवढ्यासाठी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, शाळेत राष्ट्रगीतानंतर 'विश्राम' म्हटल्यावर राहायचो तसं.

आता माझं घोडं. लस घेतली त्या दिवशी दहाव्या माणसाच्या आनंदात बाईंनी कार्डावर नुसतं दत्तात्रय आणि आडनाव लिहिलं. मी म्हटलं, पासपोर्टात वडिलांचं नाव आहे हो. त्यांनी निळ्या पेनने मधे काकपद काढून वर बारीक अक्षरांत 'विष्णू' घातलं. त्याच कार्डावर खाली छापलेलं असतं की खाडाखोड केल्यास दाखला बाद ठरू शकतो. हे मी विमानात वाचलं, अदीस अबाबा सुटल्यावर.

किन्शासाला उतरलो तेव्हा पोटात गोळा. काउंटरवरच्या गृहस्थांनी कार्ड घेतलं, पासपोर्ट घेतला, दोन्हींवर बोट फिरवलं. बोट त्या काकपदावर थांबलं. "पोस्तनॉम?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "पापा," म्हणालो, माझं सगळं फ्रेंच त्यात खर्च झालं. त्यांनी छातीवरच्या बिल्ल्यावरच्या स्वतःच्या मधल्या नावावर बोट ठेवलं, आजोबांचं होतं म्हणे, आणि दाणकन शिक्का मारला. असा आवाज तहसीलमध्येही ऐकला नाही.

तीन आठवडे काम झालं. निघताना विमानतळासाठीचा 'गो-पास' घ्यावा लागला, मी ५० डॉलर भरले, तीही कोरी नोट. आता घर.

आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा डास मुबलक आहे. म्हणून काँगोहून येणाऱ्याकडे कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. नियम योग्यच आहे. मी ऐटीत कार्ड पुढे केलं. आरोग्य काउंटरवरच्या साहेबांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाकाजवळ नेलं.

"हे वर विष्णू कोण?"

"वडील."

त्यांनी माझ्या मागे रांगेत वाकून पाहिलं.

"मग त्यांचं कार्ड कुठंय?"