पेनलोपी स्टाउट ११० वर्षं जगली म्हणणाऱ्यांनी आधी तिच्या नवऱ्याचं वय मोजावं

न्यू जर्सीचा जुना इतिहास कुणी शोधायला बसलं की पहिल्या तासाभरात ही बाई भेटतेच, आणि आता तर सँडी हूकच्या बीचचे फोटो टाकणारी आपली मंडळीसुद्धा तिची गोष्ट खाली चिकटवून पुढे पाठवतायत. गोष्ट थोडक्यात अशी. पेनलोपी व्हॅन प्रिन्सिस, जन्म १६०२, ॲमस्टरडॅम, मोठ्या डच घराण्यातली. जहाज सँडी हूकला लागून फुटलं, बाकीचे पुढे निघून गेले, ही आजारी नवऱ्यापाशी थांबली. तिथे स्थानिक इंडियन, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवासी लोकांनी नवऱ्याला मारलं आणि हिची कवटी फोडून, पोट फाडून मेली समजून टाकून दिली. मग हिने सात दिवस पोकळ झाडात काढले, एका म्हाताऱ्या इंडियन माणसाने तिला उचलून नेलं, जखमा शिवल्या, ती न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, पोचली. १६२४ मध्ये वयाच्या २२व्या वर्षी ४० वर्षांच्या रिचर्ड स्टाउटशी लग्न, दहा मुलं, आणि १७१२ मध्ये ११० वर्षांची होऊन गेली तेव्हा तिचे ५०२ वंशज होते.

बाई खरी आहे हे आधीच सांगतो. रिचर्ड स्टाउट खरा, न्यू जर्सीतलं त्यांचं गाव मिडलटाउन खरं, आणि आज अमेरिकेत तिचे वंशज प्रचंड आहेत. माझा राग आकड्यांवर आहे, कारण आकडे खोटे धरले की खरी बाई हातातून निसटते.

पहिला मुद्दा, १६०२ आणि १६२४. १६२४ मध्ये पहिली डच कुटुंबं त्या भागात नुकती उतरत होती, किल्ला बांधायला सुरुवातच १६२५ ची, त्यामुळे लग्न ज्या गावात झालं म्हणतात ते गाव धड उभंही राहिलेलं नव्हतं. पण ते सोडा, रिचर्डचं बघा. १६२४ मध्ये तो ४० चा म्हणजे जन्म १५८४ चा, बरोबर? आता १६६५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज गव्हर्नर निकल्सने मॉनमथची, म्हणजे न्यू जर्सीतल्या त्या भागात गावं वसवायची, सनद दिली, त्यातल्या बारा जणांत रिचर्ड स्टाउट आहे, म्हणजे ८१ वर्षांचा म्हातारा नव्या मुलखात जंगल तोडून गाव वसवायला निघाला. बरं, तेही मानू. पण त्याचं मृत्युपत्र जून १७०३ चं आहे आणि ते सिद्ध झालं १७०५ मध्ये, म्हणजे तो मृत्युपत्र करताना ११९ वर्षांचा! बायको ११० आणि नवरा सव्वाशेच्या घरात, आणि नवऱ्याच्या वयाचा उल्लेख एकाही पोस्टमध्ये नाही. मुलांचंही तेच. त्यांची मुलगी मेरी हिचं जेम्स बाउनशी लग्न १६६५ च्या अखेरीस झालं आणि धाकटी मुलं तर १६६० च्या दशकातली धरतात, तेव्हा १६०२ चा जन्म असेल तर बाई साठी ओलांडल्यावर बाळंत होतेय.

आता यावर लगेच उत्तर येतं की अहो ती छापण्यातली चूक आहे, १६०२ नाही, १६२२. हे ऐकायला एकदम पटतं आणि बहुतेक फॅमिली ट्रीमध्ये आता १६२२ ते १७३२ असंच टाकलेलं दिसतं. पण यात काय केलंय ते नीट बघा. जन्म २० वर्षं पुढे ढकलला, लग्न १६४४ ला नेलं, आणि ११० वर्षांचं आयुष्य तसंच ठेवून मृत्यूही २० वर्षं पुढे सरकवला. जन्माचं साल चुकलं असेल तर मृत्यूचं साल कशाला हलवायचं, मृत्यूची वेगळी नोंद असती तर ती जागची हलली नसती ना! पण इथे मृत्यूचं साल हे जन्मात ११० मिळवून काढलेलं आहे, दुसरा आधारच नाही. तिच्या शेवटाबद्दल रिचर्डचं मृत्युपत्र एवढंच सांगतं की जून १७०३ मध्ये बायको हयात होती, कारण त्याने तिच्या हयातीपुरती फळबाग, ती राहते ती घरातली खोली आणि तळघर तिच्यासाठी ठेवलंय. यापुढे जे लिहिलं जातं ते बेरीज आहे, नोंद नाही.

हे आकडे आले कुठून? १७६५ मध्ये सॅम्युअल स्मिथने न्यू जर्सीचा इतिहास छापला, त्यात जहाज, हल्ला, झाड, म्हातारा इंडियन हे सगळं आहे पण साल नाही, न्यू इंग्लंडमधल्या इंडियन युद्धाच्या सुमारास एवढंच. ते जर इंग्रज वसाहतवाले आणि पीक्वॉट जमात यांच्यातलं पीक्वॉट युद्ध असेल तर ते १६३६ ते १६३८ चं, म्हणजे लग्न १६२४ ला होणं शक्यच नाही. १६०२, २२वं वर्ष, ४०वं वर्ष, ११०, ५०२ हे सगळे आकडे एकत्र दिसतात ते मॉर्गन एडवर्ड्सकडे, तो बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री, आणि त्याचं न्यू जर्सीच्या बॅप्टिस्टांवरचं लिखाण १७९२ चं. तिथून बेनेडिक्टने १८१३ च्या बॅप्टिस्ट इतिहासात घेतलं आणि मग सगळ्यांनी बेनेडिक्टवरून. म्हणजे घटना घडल्यावर जवळपास दीडशे वर्षांनी, नातू-पणतूंच्या तोंडून ऐकलेली माहिती.

५०२ बद्दल एवढंच, की आकडा अशक्य नाहीये, दहा मुलं आणि प्रत्येकाला सात-आठ धरली तर तिसऱ्या पिढीत तिथवर पोचता येतं, पण ज्यावरून मोजलं अशी नावांची यादी एडवर्ड्स देत नाही आणि तो आकडा ८८ वर्षांत झाला म्हणतो, ते ८८ म्हणजे पुन्हा ११० वजा २२.

घराण्याचा मुद्दा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. व्हॅन प्रिन्सिस, मग कुणी तिला बॅरनची मुलगी करतो, कुणी पाद्र्याची, बापाचं नावही दर ट्रीमध्ये वेगळं. ॲमस्टरडॅममध्ये तिच्या बाप्तिस्म्याची नोंद दाखवा म्हटलं की सगळे गप्प. आणि जी एक समकालीन नोंद हाताशी आहे ती कुणी पुढे पाठवत नाही! लाँग आयलंडवर लेडी डेबोरा मूडीच्या ग्रेव्हझेंड गावात, जिथे रिचर्डची जमीन होती, सप्टेंबर १६४८ मध्ये एक खटला चालला. ॲम्ब्रोज लंडनची तक्रार अशी की थॉमस ॲपलगेटची बायको माझ्या बायकोची बदनामी करते, म्हणते की हिने आमची गाय पिळून घेतली. ॲपलगेटीणबाई म्हणाली की मी मनाचं काही बोलले नाही, मला पेनलोपी प्रिन्सने सांगितलं. दोन साक्षीदारांनी तेच सांगितलं, मग पेनलोपीला विचारलं, तिने आपण बोललो ते चुकलं हे कबूल केलं, माफी मागितली, दोन्ही बाजूंचं समाधान झालं, प्रकरण मिटलं.

ही तीच पेनलोपी असेल तर १६४८ मध्ये ती अजून प्रिन्स आहे, स्टाउट नाही, मग १६४४ चं लग्न कुठे बसवायचं आणि थोरल्या जॉनचा जन्म सगळे १६४५ धरतात तो कसा? काही जण म्हणतात डच बायका लग्नानंतरही माहेरचं नाव लावायच्या, ते खरंय, पण गाव इंग्लिश लोकांचं होतं आणि त्याच खटल्यात बाकीच्या दोघी फक्त अमक्याची बायको म्हणून लिहिल्यात. माझ्या मते लग्न १६४८ नंतरचं आणि जॉनचा जन्म उशिराचा असण्याचीच शक्यता जास्त, कारण जॉनचं १६४५ हेसुद्धा १६४४ वरून एक वर्ष मोजून काढलेलं आहे. तरी खटल्यातली पेनलोपी म्हणजेच रिचर्डची बायको असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही हेही तितकंच खरं.

राहिला हल्ला. तो झालाच नाही असं मी म्हणणार नाही, मुलानातवंडांनी आजीच्या अंगावरच्या खुणांबद्दल ऐकलेलं सगळं रचलेलं असेल असं मला वाटत नाही. पण पोस्टमध्ये लेनापी लोकांना, म्हणजे त्या भागातल्या इंडियनांना, सरसकट रानटी म्हणून रंगवतात ते चीड आणणारं आहे. फेब्रुवारी १६४३ मध्ये पॅव्होनियाला, म्हणजे आजच्या जर्सी सिटीत, डच सैनिकांनी रात्री झोपलेल्या लेनापी बायकामुलांची कत्तल केली, त्याच काळातली ही गोष्ट असू शकते, आणि तिच्यातच तिला वाचवणारा, जखमा शिवणारा, आणि पुढे हल्ल्याची आगाऊ खबर द्यायला तिच्या दारात येणारा माणूसही इंडियनच आहे. त्याचं नाव लिहून ठेवावंसं एकाही लेखकाला वाटलं नाही.

आणि शेवटचं, हजारो ट्रीमध्ये १६२२ ते १७३२ आहे म्हणून ते खरं, हे तर बोलूच नका. सगळ्यांनी एकमेकांचं कॉपी केलंय, एकाने टाकलं आणि बाकीच्यांनी बटण दाबून घेतलं. ज्यांच्या ट्रीमध्ये पेनलोपी असेल त्यांनी जन्माचा आणि बापाचा रकाना रिकामा ठेवावा, लग्न बहुधा १६४८ नंतर असं लिहावं, मृत्यू जून १७०३ नंतर, आणि नोट्समध्ये तो गायीचा खटला प्रश्नचिन्हासकट जोडावा.