फुलांत लोळल्याशिवाय प्रेम सिद्ध होत नाही काय?

सप्टेंबर उजाडला की कास पठारावर सोनकी, तेरडा आणि गेंद फुलतात, आणि त्यांच्या मागोमाग साताऱ्याहून घाट चढून ‘प्री-वेडिंग’ची वरातही येऊन थडकते. वधूचा घोळदार गाऊन सावरायला दोन मैत्रिणी, वराच्या हाती कधीही न वाजवलेली गिटार, आणि “अजून थोडं आत जा” असे ओरडणारा छायाचित्रकार! आत म्हणजे नेमके कुठे? जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पातळ थर, त्यावर एका पावसाळ्यात आयुष्य उरकणाऱ्या इवल्या वनस्पती. त्या बी धरण्याआधीच तुडवल्या, तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवावे, गाऊनची लेस? सीतेची आसवं ही कीटक फस्त करणारी वनस्पती, पण बुटापुढे तिचाही इलाज चालत नाही. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाबरोबर या पठारालाही जागतिक वारसा ठरवले, ते बहुधा यांच्या अल्बमला पार्श्वभूमी हवी म्हणूनच! टोपली कारवीने फुलण्यासाठी 7 वर्षे वाट पाहायची, आणि सप्तपदीला निघालेल्या या जोडप्यांना पायवाटेवरून सात पावलेही धड चालवत नाहीत. बरे, एवढे करून हाती येणाऱ्या चित्रात फुले अंधुकच, कारण लक्ष सगळे चेहऱ्यांवर. मग घरामागची पडवी काय वाईट होती? परवा न राहवून मी एकांना हटकले, तर उत्तर मिळाले, “काका, दोनच मिनिटं, आणि जरा फ्रेममधून बाजूला व्हा ना.”