हुजूर पक्ष म्हणजे ब्रिटनचे रिपब्लिकन? नाही रे दादा

गेल्या रविवारी फॅमिली व्हिडिओ कॉल चालू होता आणि डॅलसचा आमचा मावसभाऊ नेहमीच्या ठसक्यात म्हणाला, "तुमचे टोरी (म्हणजे हुजूर पक्षवाले) आणि आमचे रिपब्लिकन, एकाच माळेचे मणी." तेवढ्यात आईने "चकल्या पोचल्या का रे" विचारलं आणि विषय तिथेच राहिला. पण माझ्या डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय. लांबलचक आहे, आधीच सांगते.

मी इकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आले तेव्हा कामाच्या व्हिसावर होते, पासपोर्ट भारतीय, तरी घरी मतदानाचं कार्ड आलं. मला वाटलं चुकून आलंय. चुकून नव्हतं, कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर तो पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. (दादाला नुसतं ग्रीन कार्ड मिळायला तेरा वर्षं लागली, मत अजून नाहीच.) तर त्या निवडणुकीच्या आधी एक सत्तरीच्या आजी दारात आल्या, कोटाला निळ्या फितीचं फूल, हातात पत्रकं. पत्रकावर पहिलीच ओळ काय, तर आपल्या हॉस्पिटलला जास्त पैसे मिळवून देऊ. सरकारी हॉस्पिटल बरं का. मी काही विचारायच्या आत आजींनी स्वतःच्या खुब्याच्या ऑपरेशनची सगळी कहाणी सांगितली, एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने केलं, एक पैसा लागला नाही, फक्त नंबर लागेपर्यंत वर्षभर लंगडत होते म्हणाल्या. ही टोरींची, म्हणजे उजव्या पक्षाची कार्यकर्ती! टेक्ससमध्ये कुठली रिपब्लिकन काकू असं सांगत दारोदार फिरेल? दादा म्हणेल मेडिकेअर आहे की. आहे ना, पण पासष्टीनंतर.

आणि गंमत म्हणजे १९४६ ला मजूर पक्षाने एनएचएसचं बिल आणलं तेव्हा याच टोरींनी विरोधात मत दिलं होतं. पण एकदा लोकांना सवय झाल्यावर मोडायची हिंमत कोणाची झाली नाही. टोरी पंतप्रधान थॅचरबाईंनी टेलिफोन विकलं, गॅस विकला, विमान कंपनी विकली, पाणीसुद्धा विकलं, एनएचएस मात्र विकायला काढली नाही.

बंदुकांचंही तेच. १९९६ ला स्कॉटलंडमध्ये डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांची टीचर मारली गेली, तेव्हा सरकार जॉन मेजर यांचं, म्हणजे टोरी, आणि त्यांनीच पुढच्या वर्षी बहुतेक सगळ्या हँडगनवर बंदी घातली, उरलेल्यांवर नंतर मजूर पक्षाने. अमेरिकेत २०१२ ला सँडी हूकच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली आणि बंदी राहू दे, विकत घेणाऱ्याची नीट चौकशी करा एवढं साधं बिलसुद्धा सिनेटमध्ये ५४ मतांवर अडकलं कारण ६० लागत होती, आणि विरोधात मत देणाऱ्यांत काही डेमोक्रॅटही होते. समलिंगी लग्नाला टोरी पंतप्रधान कॅमेरूनने २०११ ला पक्षाच्या अधिवेशनात उघड पाठिंबा दिला, ओबामांनी त्यानंतर सात महिन्यांनी. अर्थात २०१३ ला मतदान झालं तेव्हा टोरी खासदारांतच विरोधात जास्त मतं पडली, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर दादा तेच धरून बसेल.

टॅक्सवर मला सगळ्यात मजा वाटते. टोरी अर्थमंत्री ऑस्बोर्नने २०११ ला व्हॅट साडेसतरावरून २० टक्के केला, सुनकने कंपन्यांचा टॅक्स १९ वरून २५ वर नेला. रिपब्लिकन माणसाला हे ऐकून घाम फुटेल. मग लिझ ट्रस पंतप्रधान म्हणून आल्या, त्यांना रेगन व्हायचं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, पैसे कुठून येणार ते सांगितलंच नाही, पौंड गडगडला, व्याजदर चढले, बँक ऑफ इंग्लंडला सरकारी बाँड विकत घ्यायला उतरावं लागलं. आमच्या शेजाऱ्यांच्या मॉर्गेजची (घरकर्जाची) ठरलेल्या व्याजाची फिक्स डील नेमकी त्याच सुमारास संपत होती, नवीन हप्त्याचा आकडा बघून तो माणूस रोज संध्याकाळी बागेत एकटाच येरझाऱ्या घालायचा. बाई ४९ दिवसांत घरी. हेच रेगनने केलं, बुशने केलं, ट्रम्पने २०१७ ला केलं आणि पचून गेलं, कारण डॉलर सगळ्या जगाला हवा असतो, पौंडाचे ते दिवस गेले. उधारी करायलाही पत लागते हो.

मग टोरी म्हणजे डेमोक्रॅट का? तेही नाही. आश्रय मागायला आलेल्यांना विमानात बसवून रवांडाला पाठवायची स्कीम त्यांचीच, गरीब घरातल्या तिसऱ्या मुलाचा भत्ता बंद करणारेही तेच. व्हिसाबरोबर वर्षाला १,०३५ पौंड एनएचएससाठी वेगळे घेतात, पगारातून कापतात ते सोडून, हे आपल्या मराठी पोरांना विचारा. आणि त्याच पक्षाच्या बोरिस जॉन्सनने शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा व्हिसा परत आणला, म्हणूनच तर पुण्या-नाशिकची इतकी मुलं इकडे दिसतात. बोलायचं एक, करायचं दुसरं. धर्माच्या बाबतीत मात्र मानलं. सुनकने गीतेवर हात ठेवून खासदारकीची शपथ घेतली, डाउनिंग स्ट्रीटवर पणत्या लावल्या, पक्षातून फारशी कुरकुर ऐकू आली नाही. तिकडे रिपब्लिकन उमेदवारी मागणारा विवेक रामस्वामी आयोवात हिंदू असण्याबद्दल उत्तरं देऊन दमला.

आता खरं सांगायचं तर दादा आणखी दहा वर्षांनी बरोबर ठरेलही. टोरी २०२४ ला १२१ जागांवर आले, उजवीकडून फराज यांचा रिफॉर्म पक्ष मतं खेचतोय, आणि ज्या पक्षाच्या थेरेसा मे यांनी २०५० पर्यंत नेट झिरोचा कायदा केला त्याच पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक आता सगळा हवामान कायदाच रद्द करू म्हणतायत. ट्रसबाई तर अमेरिकेत जाऊन तिकडच्या कट्टर उजव्यांच्या मेळाव्यात भाषणं देतात.

त्या आजी परवा सुपरमार्केटमध्ये भेटल्या. या खेपेला पत्रकं वाटायला गेले नाही म्हणाल्या, का ते सांगितलं नाही. मग ट्रॉलीला टेकून पंधरा मिनिटं गुडघ्याच्या ऑपरेशनचा नंबर कधी लागणार यावरच बोलत राहिल्या.